पहिल्या टोळीची साक्षीदार

दिवाळी झाली की चकलांब्यात उरतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि यंदा मी. माझे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर, भाऊ-भावजय त्यांच्या मागोमाग. विद्यापीठाच्या वसतिगृहातली माझी मुदत संपली, म्हणून पीएच.डी.चा प्रबंध पुरा करायला मी एकतिसाव्या वर्षी गावी आलेली. विषय, गेवराई तालुक्यातल्या ऊसतोड स्थलांतराचा इतिहास. ज्यांचा इतिहास लिहायचा ते सगळे ऊस तोडायला गेलेले. हसायचं तर हसा.

एकच अध्याय राहिला होता, गावातून पहिली टोळी कशी गेली त्याचा. त्या टोळीतलं एकच माणूस हयात होतं, आमच्या आळीतल्या रुक्मिणीबाई. जानेवारीअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती. सात वर्षं पाण्यात.

रोज दुपारी जेवण झालं की मी वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर जायची. शेंगा फोडत त्या दोन गोष्टी सांगायच्या आणि ऐन रंगात आल्या की म्हणायच्या, "बाकीचं उद्या. दमले लई." असं तीन आठवडे चाललं. घरी आले की एकटीपुरती भाकरी थापायची आणि रेकॉर्डिंग ऐकत टाइप करायचं. दिवसभरात माणसाचा आवाज तेवढाच. खरं सांगते, मी दुपारची वाट बघायची.

अध्याय माझ्या मार्गदर्शक सरांना पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मंजुषा, चौथ्या पानावर बाईंचा थोरला मुलगा उसाच्या फडात जन्मतो. एकोणिसाव्या पानावर त्याच हंगामात तो गावात आजीपाशी आहे आणि चालतोय. बाविसाव्या पानावर बाईंचं लग्नच व्हायचंय. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"नाही सर."

"ही साक्ष धरता येणार नाही. अध्याय काढ. मुदतवाढ मिळते का बघतो, पण खात्री देत नाही."

मी तशीच तरातरा रुक्मिणीबाईंकडे गेले. "आजी, तुमी पहिल्या टोळीत गेलतात का न्हाई? खरं सांगा."

"गेलते की. एकच साल. फडावर ताप आला, पंधरा दिसांत माघारी आले. पुढं कधी गेलेच न्हाई."

"मग तीन आठवडे मला काय सांगत होतात? माझी डिग्री जायची येळ आली!"

त्या घाबरल्या. पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "पंधरा दिसाचं सांगायला कितीसा वेळ लागतो, पोरी? एका दुपारी सपलं असतं. मग तू पुन्हा काहून आली असतीस?"

मला तिथंच रडू आलं. सगळा राग त्यांच्यावर काढता आला असता, त्यांनी तो मुकाट घेतलाही असता. पण सरांशी मी खोटं बोलले होते. मुलाच्या जन्माचा घोळ मला चौथ्याच दिवशी दिसला होता. वहीत त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मीच ते खोडलं होतं.

"मला म्हाईत होतं, आजी," मी म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग इचारलं काहून न्हाई?"

"इचारलं असतं तर तुमी बोलायचं बंद केलं असतं. आन मला तरी दुसरं कोन हाय इथं?"