सपाट घर आणि उंबऱ्याचे घर

रविवार, दिनांक सोळा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, सकाळचे साडेदहा. स्थळ कोल्हापूर, कसबा बावड्याच्या पलीकडे उसाच्या फडांना खेटून उभी राहिलेली ज्येष्ठ नागरिकांची वसाहत. बसवराज आणि रत्नव्वा हे जोडपे तिच्या दारात रिक्षातून उतरले, तेव्हा बसवराजांच्या खिशात टेप होती, काखेत समपातळी तपासायची पाणसळ होती आणि वहीत बेचाळीस प्रश्न होते.

चौतीस वर्षे बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला घर पाहायचे म्हणजे त्याची उलटतपासणीच घ्यायची असते. घर बदलण्याचे कारण मात्र त्या वहीत कुठेच नव्हते. रत्नव्वांना काचबिंदू होता. नजरेच्या कडा केव्हाच गेल्या होत्या; मधला चतकोर तेवढा शाबूत होता, आणि तोही दोन-तीन वर्षांपलीकडे टिकेल, असे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. गडहिंग्लजच्या दुमजली घराचा उभा जिना आता त्यांच्या कामाचा उरला नव्हता.

वसाहतीत पर्याय दोन होते. एक, दुसऱ्या टप्प्यातले नवे कोरे घर. दुसरे, पहिल्या टप्प्यातले, धोंडुबाई नावाच्या विधवा बाईंनी बारा वर्षे राहून विकायला काढलेले.

नव्या घराचा अजून पायाच भरत होता, म्हणून पाहायला मिळाले ते नमुन्याचे घर. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून विक्री कार्यालयातल्या अनुजाने दोघांच्या पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. बसवराजांनी जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा नेमका मधोमध थांबला. बाहेरच्या खोलीपासून झोपण्याच्या खोलीपर्यंत सूतभर चढउतार नव्हता.

"याला म्हणतात काम," ते म्हणाले. "ठेच लागायची सोयच ठेवलेली नाही."

रत्नव्वा भिंतीला हात लावून क्षणभर डोळे मिटून उभ्या होत्या. रंग पसंत पडला असावा, असे बसवराजांनी धरले.

"ताबा कधी देनार, बाई?" रत्नव्वांनी एवढेच विचारले.

"दीड वर्ष, आजी. फार तर दोन."

रत्नव्वांनी मान हलवली. ती संमती समजून बसवराजांनी वहीत नव्या घरापुढे खूण केली.

जुने घर पाहायचे ते केवळ न्यायाला धरून. धोंडुबाई दारातच होत्या.

"या पावणं. चा टाकते, तवर घराला नावं ठिवून घ्या."

"का विकताय?" बसवराजांनी प्रश्न क्रमांक एक काढला.

"ल्योक पेठ वडगावला बोलवतोय. नातवंडांना आजी लागती म्हनं. बारा वर्सं लागली न्हवती."

चहा उकळेपर्यंत बसवराजांनी तीन दोष टिपले. बाहेर गुळगुळीत फरशी, तर स्वयंपाकघरात खरबरीत दगड. मागचे दार वाऱ्याने कुरकुरत होते. आणि सर्वांत गंभीर म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात दोन इंच उंचीचा घडीव दगडी उंबरा होता.

"हा नकाशात नव्हता," ते म्हणाले.

"मीच बशिवला की. बिनउंबऱ्याचं घर म्हंजे गोठा. हळदकुंकू कुटं लावायचं?"

बसवराज उत्तर जुळवीत होते, तोच त्यांचे लक्ष पत्नीकडे गेले. रत्नव्वांनी अनवाणी पायांनी खोलीच्या मधोमध उभे राहून डोळे मिटले होते, आणि तशाच त्या चालू लागल्या. ही काय करते आहे, हे त्यांना कळेना. पाय उंबऱ्याला टेकला. त्या थांबल्या, चौकटीवर हात ठेवला, उंबरा ओलांडून खरबरीत दगडावर आल्या. मागचे दार कुरकुरले. आवाजाच्या दिशेने त्या वळल्या. बसवराज सावरायला पुढे झाले.

"थांबा पावणं," धोंडुबाई हळूच म्हणाल्या, "धरू नगासा."

रत्नव्वांनी डोळे उघडले तेव्हा त्या मागच्या दाराशी होत्या.

"अगं, त्या उंबऱ्याला ठेच लागेल," बसवराज म्हणाले.

"आठ दिस लागंल. मग पाय वळखंल. तिकडं मगाशी डोळं मिटून बघितलं, तर मी कुठं हाय त्येच कळंना. पायात प्लास्टिक, आनि खाली सगळं एकसारखं."

"मग नव्या घरात उंबरा बसवून घेऊ. फरशी बदलू."

"आनि दीड वरीस? त्ये कुठनं आननार? आत्ता दिसतंय तवर मला घर पाठ करायचंय. कुठं खिडकी, कुठं कप्पा, समदं बघून ठेवायचंय. नवीन घर मला दिसंल का न्हाय, कोन सांगतंय?"

 बसवराजांनी वही मिटली. मग, खरेच असे होते का ते पाहावे, या निव्वळ कुतूहलाने त्यांनी डोळे मिटले आणि पाऊल टाकले. पहिल्या दोन पावलांतच दिशा सुटली. अंधारात घर एकाएकी अफाट झाले. पाय चाचपत ते पुढे सरकले, आणि अंगठा दगडावर आपटला.

"स्वयंपाकघर," ते म्हणाले.

"बराबर वळखलासा," धोंडुबाई म्हणाल्या.

बसवराजांनी लगेच डोळे उघडले नाहीत. पायाने तो दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून पाहिला आणि हात लांबवून चौकट धरली. डोळे उघडून त्यांनी रत्नव्वांकडे पाहिले. त्या धोंडुबाईंशी बोलत होत्या.

"अक्का, घर रिकामं कवा करताय?"

"म्हयन्यात."

"मग हेच घर घ्यायचं," रत्नव्वा म्हणाल्या.