विमलताईंना कुंकू कोणी लावायचं

मतमोजणीच्या दिवशी सकाळी मारोतराव यवतमाळच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाकड्यावर बसले होते. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई गेल्या. डोक्यात रक्तस्राव फार झाला होता." मारोतरावांनी मान हलवली. हातात चहाचा कागदी कप होता. तो त्यांनी संपवला आणि टाकायला डबा शोधत वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे फोन वाजला.

महागावच्या तहसीलीतून चुलतभाऊ कपिल ओरडत होता. मागे ढोल वाजत होते.

"दादा, आली ना वहिनी! सरपंच झाली! जुन्या सरपंचाचं पार वाटोळं केलं. दिपालीवहिनी बी निवडून आली मेंबर म्हणून. द्या बरं फोन वहिनीच्या कानाले!"

"कपिल, ढोल बंद कर."

"काहून?"

"वहिनी गेली."

ढोल लगेच थांबले नाहीत. वाजवणारे लांब होते, त्यांना सांगायला माणूस जावा लागला. तोवर मारोतराव फोन कानाला लावून ऐकत राहिले.

मतदान करून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांची बायको विमलताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता कलंडल्या होत्या, त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. मतं आधीच पेटीत बंद झाली होती, म्हणून मोजली गेली.

विमलताई निवडणुकीला उभ्या राहिल्या त्याचं कारण घरातच होतं. मारोतरावांचा धाकटा भाऊ वारल्यापासून त्याची बायको दिपाली आणि मुलगी निकिता मारोतराव-विमलताईंकडेच राहत. निकिताचा साखरपुडा झाला, तेव्हा पोरीची ओटी काकूने, म्हणजे विमलताईंनी भरली आणि आई आत भजी तळत बसली. दिपालीला कोणी आत जा म्हटलं नव्हतं. ती आपली आपणच गेली होती. त्या दिवशी विमलताई जेवल्या नाहीत. पुढे गावात बायांचं पॅनल उभं राहिलं. विमलताईंनी घरोघरी एकच सांगितलं, "मले रस्ता, नाली सगळंच करा लागते. पण पहिल्या ग्रामसभेत ठराव हा घेईन, का नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसाचं नाई, बांगड्या फोडाच्या नाई, तिले कार्यातून उठवाचं नाई." जुने सरपंच पारावर हसत, "पाण्याची टाकी सोडून हे बांगड्याचं काय काढलं बाईनं?" तरी लढत अटीतटीची झाली आणि बाया निवडून आल्या.

दुपारी देह घरी आणला. अंगणात कनात लावून आडोसा केला. बाया जमल्या. नवरा मागे ठेवून गेलेली बाई, म्हणजे अहेव मरण. हळद लावून आंघोळ, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट भरायचा, ओटी भरायची. हे सगळं सवाष्णींनी करायचं. "नशीब काढलं व माय विमलनं," एक म्हातारी म्हणाली, "भरल्या कपाळानं गेली."

दिपालीने चुलीवरचं गरम पाण्याचं भगोणं उचललं आणि कनातीकडे निघाली. उंबऱ्याच्या आत मारोतरावांची थोरली बहीण उभी होती. तिला सगळं गाव अक्का म्हणे. अक्काही विधवाच.

"दिपाली, भगोणं तिथंच ठेव. मांघं हो."

दिपालीने भगोणं खाली ठेवलं. सकाळी निवडून आलेली मेंबर, एका शब्दावर मागे सरली. डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला.

मारोतराव भिंतीशी पुरुषांत बसले होते. सकाळपासून त्यांना काही वाटतच नव्हतं. कोणी रडलं तरी ते त्याच्या तोंडाकडे नुसते बघत. पण हे वाक्य त्यांना ऐकू आलं. ते उठले आणि कनातीपाशी जाऊन उभे राहिले.

"दिपाली, घे भगोणं. आंघोळ तू घाल."

"मारोती, भान हाये का तुले?" अक्का म्हणाली. "अहेव बाईले रांडव बाईचा हात? म्या तरी लावला का? माह्या सख्ख्या भावाची बायको हाये, जीव होता माहा तिच्यावर. तरी उंबऱ्याच्या आतच उभी हावो."

"तिनं गावभर काय सांगितलं ते आयकलं ना तुमी समद्यायनं? मतं देल्ली ना?"

सुनंदा पुढे आली. पॅनलमधली हीसुद्धा सकाळीच निवडून आली होती. कपाळाला कोणीतरी लावलेला गुलाल तिने घाईने पुसला होता, केसांत थोडा राहिला होता.

"भाऊजी, मत देल्लं. खोटं काहून बोलू? पण मत पुठ्ठ्याच्या आड देतो आपण, कोणी पाहत नाई. हे चारचौघात हाये. उद्या माह्या घरी काही कमीजास्त झालं, तं सासू मलेच धरन."

ती खरं बोलतेय हे मारोतरावांना कळत होतं.

"मंग तुमी कोणीच नका लावू हात," ते म्हणाले. "मीच घालतो आंघोळ. मी बी आज रंडवाच झालो ना? सकाळपासून समद्या घरात फिरून राह्यलो, मले कोणी मांघं हो म्हटलं नाई."

ते खरंच भगोण्याकडे वाकले. तेव्हा दिपाली आली आणि दुसऱ्या बाजूचा कान तिने धरला.

"सोडा भाऊजी. मी घालतो बाईले आंघोळ."

काही बाया उठून गेल्या. सुनंदा जायला निघाली, दारापाशी थांबली, परत आली आणि लुगड्याची घडी मोडायला लागली. दिपालीने जाऊबाईंना न्हाऊ घातलं, केस पुसले. कुंकवाच्या करंड्यात बोट घालताना तिचा हात थांबला. नवरा गेल्यापासून तिने करंडा उघडला नव्हता. मग तिने जास्तच कुंकू घेतलं, ते नाकावर सांडलं. तिने ते पदराने पुसलं आणि ओटी भरली.

"अक्का, ये," मारोतराव म्हणाले.

"मले नोको ओढू त्यात. माही उमर गेली बाप्पा."

अक्का उंबरा ओलांडून आली नाही.

दहाव्याला मुकुटबनकडचा एक सोयरा आला आणि मारोतरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दाजी, घर बाईशिवाय चालते का? चांगली बाई हाये पाहण्यात." मारोतरावांनी त्याला जेवून जायला सांगितलं. दिपालीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्यासाठी या घरात असा सोयरा कधी आला नव्हता, आणि कोणी त्याची वाटही पाहिली नव्हती. मारोतरावांनीही नाही.

सरपंचाची खुर्ची रिकामी आहे, पोटनिवडणूक व्हायची आहे. दिपालीने उभं राहायचं ठरवलं आहे. पहिल्या ग्रामसभेत ठराव तिनेच मांडला. तेव्हा पॅनलमधल्या बायांचे नवरे मागच्या बाजूला येऊन बसले होते. बायांनी एकदा मागे पाहिलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. ठरावाच्या बाजूने हात दिपाली आणि सुनंदा, या दोघींचेच वर होते.

मागच्या आठवड्यात गावात एक माणूस वारला. त्याची बायको पायल, वय तेवीस. दिपाली आडवी आली, मारोतरावही आडवे आले. त्यांना बाजूला केलं आणि पायलच्या बांगड्या दगडावर फोडल्या.

ठराव अजून झालेला नाही.