क्वार्ट्झवरचा अंगठा

मी तोंडाची फटकळ, पण खोटं बोलत नाही, म्हणून आधीच सांगते: संघमित्रावर मी जळत होते. तिचं नाव कोणी घेतलं तरी डोकं फिरायचं.

चिंचपोकळीला नानांचा छोटा कारखाना. तिथे आम्ही छापखान्यांसाठी यूव्ही दिवे बनवतो. क्वार्ट्झ काचेच्या नळीतली हवा काढायची, थोडा आर्गॉन वायू भरायचा, पाऱ्याचा एक थेंब टाकायचा, तोंड बंद. वीज दिली की आधी आर्गॉन जांभळट पेटतो, मग पाऱ्याची वाफ होऊन निळसर पांढरा उजेड येतो. खरं काम करतो तो न दिसणारा उजेड. त्याने शाई क्षणात सुकते. प्रत्येक दिवा पहिल्यांदा पेटला की चाचणीच्या पेटीसमोरच्या खुर्चीत बसून, गडद काचेतून रंग बघून नाना पास-नापास ठरवतात.

आता नानांना मोतीबिंदू झालाय. खुर्ची कोणाला तरी द्यायची होती. मी तिथे सोळा वर्षं, संघमित्रा बीएस्सी करून आलेली, जेमतेम दोन. आणि नाना म्हणाले, "प्रभादेवीच्या छापखान्याच्या ऑर्डरचा दिवा संघमित्रा बनवेल. आठ तास नीट जळला तर खुर्ची तिची." माझ्या सोळा वर्षांचं काय, हे कोणी विचारलंही नाही.

त्यात पोरगी चांगली. गणपतीच्या आधी काचेने माझा अंगठा आडवा चिरला, तेव्हा पट्टी तिनेच बांधली. त्याचा मला आणखी राग.

तिचा दिवा तयार झाला. स्पिरिटने पुसून तिने तो स्टँडवर ठेवला. आमच्यात क्वार्ट्झला उघडं बोट लावत नाहीत. घामातलं मीठ तापलं की काचेला खातं, पांढरा डाग पडतो आणि दिवा वाया जातो. सगळे चहाला गेले. मी हातमोजा काढला, मानेवरचा घाम अंगठ्याला घेतला आणि नळीवर दाबला. नुसता डाग पडेल, तिचाच हात लागला म्हणतील, असं वाटलं होतं. मग जाऊन चहा प्यायले, वर दोन बिस्किटंही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, आठ तास जळून थंड झालेली नळी नानांनी खिडकीशी धरली. "पांढरं कायतरी आहे. मला नीट दिसत नाही गो. कौसल्या, तू बस खुर्चीत. भिंग घे नि सांग."

सोळा वर्षांनी त्या खुर्चीत बसले. भिंगाखाली अंगठा होता, रेघन् रेघ उमटलेला, आणि मधून आडवी चीर. संघमित्रा मागून वाकून बघत होती. पट्टी तिनेच बांधलेली, तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिने माझ्या अंगठ्याकडे एकदा बघितलं आणि मागे सरकली.

"कोणाचं बोट?" नानांनी विचारलं.

तिच्यावर ढकलता आलं असतं. नानांना दिसतच नव्हतं, आणि ती गप्प राहिली असती, याची मला खात्री होती. तिचा तो चांगुलपणा मला सहन होईना.

"माझं," मी म्हणाले.

नानांनी माझ्या हातातून नळी काढून घेतली. म्हणाले, "नजर चोख आहे तुझी. ऊठ आता तिथून."