तिसऱ्या खोलीचा पंखा

भरल्या ताटावरून उठणं मोठीआईंच्या घरात कुणालाच माफ नव्हतं, आणि धाकटी सून तर चक्क पाहुण्यांसमोर उठली होती. भाताचा पहिला घास हातात होता, तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. तिनं घास ताटात ठेवला, "आलेच" असं काहीतरी पुटपुटली आणि हात नीट न पुसताच मागच्या दारानं बाहेर गेली.

"वहिनी, तुझ्या सुनेला भूक नव्हती वाटतं," वन्संनी भाजी वाढून घेत विचारलं.

वन्सं म्हणजे मोठीआईंची थोरली नणंद. वर्षातून एकदा जेवायला यायच्या आणि वर्षभर पुरेल एवढं बोलून जायच्या.

"भूक आहे हो," मोठीआई हसून म्हणाल्या. "पण ती आधी मशीनला भरवते, मग स्वतः जेवते."

तोंडावर हसू ठेवलं खरं, पण आतून त्यांचा नुसता संताप झाला होता. माघारी सगळी गल्ली त्यांना 'सरकार' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आज सरकारची अब्रू भाताच्या त्या एका घासापाशी अडकून बसली होती.

धाकटीबद्दलची त्यांची तक्रार तशी जुनीच. भांडखोर सून परवडली, असं त्या शेजारणीला सांगत. भांडलं की माणूस मोकळं तरी होतं. ही शब्दाला शब्द देत नव्हती. सकाळी "हो मोठीआई", संध्याकाळी "बरं मोठीआई", झाला संसार. बोलण्याची जी काही हौस होती ती सगळी त्या फोनवर. इतर बायकांच्या फोनात फोटो असतात, गाणी असतात. हिच्या फोनात तव्याच्या बुडासारखा काळा पडदा आणि त्यावर खसखशीएवढी पांढरी अक्षरं. ती एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायच्या कारखान्यात, तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. मोठीआई मात्र लोकांना सांगत, "सून ना? ती कोंबड्यांकडे असते."

"तुम्ही जेवा सावकाश," असं वन्संना सांगून त्या उठल्या. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं आणि मागच्या अंगणात गेल्या.

धाकटी पायरीवर उन्हात बसली होती. फोन तोंडाशी धरलेला, दोन्ही अंगठे त्यावर.

"ताट वाळतंय तिकडे."

"मोठीआई, तिसऱ्या खोलीचा पंखा थांबलाय."

"मग त्याला आपण पंगत सोडायची? तिथल्या माणसाला सांग, बटण दाब म्हणून."

"त्याला बटण नाही. कॉम्प्युटरला लिहून हुकूम द्यावा लागतो, आणि ते तिथे कुणाला येत नाही. मी जाईपर्यंत आतली हवा तापून सगळं संपेल. उद्या फुटायची अंडी आहेत ती. पिल्लांनी आतून टोचे मारायला सुरुवात केलीय."

इतकं लांब वाक्य धाकटी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली असावी. मोठीआई तिच्या शेजारी टेकल्या.

"आणि तुझा तो मोठा कॉम्प्युटर?"

"हे घेऊन गेलेत परगावी. आता हा फोनच आहे."

मोठीआई बघत राहिल्या. अक्षरांच्या टिकल्यांनीच अर्धा पडदा खाल्ला होता आणि अंगठा एका टिकलीवर टेकवला तर तीन दबत. धाकटी एक अक्षर लिही, दोन पुशी. मध्येच ती दात-ओठ खाऊन सगळंच खोडून टाकी.

"आता काय?"

"मी एक लिहिते, हा आपल्या मनानं दुसरंच करतो. त्याला वाटतं, माझं चुकलंय."

"म्हणजे सासूच म्हण की."

धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढ्यात फोननं बारीक आवाज केला. चार्ज संपत आला होता. ती लगबगीनं उठली. "हे धरा. वायर घेऊन येते. पडदा झोपू देऊ नका, मधूनमधून इथे वरच्या कडेला बोट लावायचं. बाकी काही नको."

मोठीआईंनी फोन तळहातावर घेतला. कडेला बोट लावलं. मग त्यांना काचेवरचे डाग दिसले. तेलाचे, भाताचे, अंगठ्याएवढे. या बाईनं आयुष्यात मळकी काच कधी सहन केली नव्हती. लोकांच्या घरी पाणी प्यायला गेल्या तरी पेला आधी उजेडाला धरायच्या. खांद्यावरचं फडकं आपोआप हातात आलं. काचेवर तोंडानं 'हाऽ' करून त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जोर लावून पुसलं.

पडद्यावर ओळींमागून ओळी पळायला लागल्या. वारूळ फुटावं तशा.

धाकटी वायर घेऊन आली, तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"डाग होते," मोठीआई म्हणाल्या.

"पंखा बंद करून पुन्हा सुरू करायचा हुकूम अर्धाच लिहिला होता, पुसताना तो तसाच गेला," ती हळू म्हणाली. "खोलीचा नंबर राहिला होता. नंबर नसला की तो सगळ्याच खोल्यांना लागू होतो. सगळे पंखे थांबलेत. आता एकेक करून सुरू होतील."

"होतील ना?"

"व्हायला हवेत."

मग तिनं हॅचरीतल्या माणसाला फोन लावला. "काका, सगळे पंखे बंद झालेत. हो, माझ्याकडून झालं. दारं उघडू नका, मी बघतेय."

मोठीआईंनी ते ऐकलं. हातातल्या फडक्याची त्यांनी घट्ट घडी घातली.

पहिली खोली सुरू झाली. दुसरी झाली. मग चौथी. तिसरी नाहीच. धाकटी पुन्हा लिहायला बसली, पण उन्हानं पडदा दिसेना. मोठीआई उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी फडकं ताणून फोनवर सावली धरली. हात भरून आले. खाली केले नाहीत. धाकटीनं एकेक अक्षर लिहिलं, शेवटी नंबर लिहिला, दोनदा वाचला आणि मग शेवटची टिकली दाबली.

थोड्या वेळानं फोन वाजला. "पोरी, फिरतोय गं," तो माणूस म्हणाला. "हे ऐक." त्यानं फोन खोलीच्या दाराला लावला असावा. पंख्याची घरघर आली, आणि तिच्या तळाशी, अगदी बारीक, कवचाच्या आतली चिवचिव. मोठीआईंनी कान जवळ नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आत वन्संचं जेवण आटोपलं होतं. "झालं का फोनशी बोलून? आम्ही सुना होतो तेव्हा असं उठलो असतो तर सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं."

"घ्यायचं तर माझ्यापासून सुरुवात करा वन्सं," मोठीआई म्हणाल्या. "घोळ मी घातला, निस्तरला तिनं. हात धुऊन घ्या."

त्यांनी भात गरम केला, धाकटीचं ताट नव्यानं वाढलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आता ऐक. त्या माणसाला 'माझ्याकडून झालं' म्हणालीस, ते मला अजिबात आवडलेलं नाही. माझ्या चुका माझ्या आहेत, त्या मी कुणाला उचलू देत नाही. पुन्हा असं झालं तर सरळ सांगायचं, सासूनं केलं म्हणून. आणि त्याआधी मला चार शब्द सुनवायचे, चांगले खणखणीत. फोन ठेव इथे ताटाशेजारी. वाजला तर उठ. पण तोवर जेव."