माप कोणाचं चुकलं

कॉलेजच्या रेडिओवर तिला सगळे कात्री म्हणत. कोणाचं बोलणं कुठे कापावं हे या पोरीला बरोबर कळतं, असं रेडिओ सांभाळणाऱ्या मॅडम एकदा चारचौघांत म्हणाल्या आणि तेव्हापासून बाईसाहेब हवेत होत्या. हवेतलं माणूस कधीतरी जमिनीवर येतंच. कात्री आली ती थेट बाप आणि काकाच्या मधोमध.

कार्यक्रमाचं नाव 'नुसती उत्तरं'. एकाने मुलाखत घ्यायची, दुसऱ्याने त्यातले सगळे प्रश्न कापायचे आणि उरलेली उत्तरं एकापुढे एक लावायची. कोणतं उत्तर कोणाचं, ते शेवटच्या निवेदनात सांगायचं. कापणं झालं की मूळ रेकॉर्डिंग लगेच पुसायचं, कारण स्टुडिओतला कॉम्प्युटर म्हातारा होता, पोट भरलं की बसकण मारायचा. या वेळचा विषय होता मोडलेली भागीदारी. त्यासाठी कात्रीला घराबाहेर शोधायची गरजच नव्हती.

बाबा आणि काका दोघेही सुतार. एका छपराखाली रंधा मारायचे. मग एका गिऱ्हाइकाचं कपाट तयार झालं आणि ते त्याच्या दारातून आत जाईना. आडवं करून झालं, तिरकं करून झालं, दाराची चौकट खरवडून झाली. गिऱ्हाइकाच्या देखत बाबा म्हणाले, माप यानं चुकवलं. काका म्हणाला, यानं. कपाट परत आलं, काका आला नाही. त्याने दोन गल्ल्या सोडून आपलं दुकान थाटलं. त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. लहानपणी काकाच्या खांद्यावर बसून गाव पाहिलेल्या कात्रीला हा अबोला फार लागे. कार्यक्रम ऐकून दोघे विरघळतील, अशी तिची मनातली आशा. तिने ती कोणाला सांगितली नव्हती.

मुलाखती घेतल्या तिच्या वर्गातल्या मुलाने. त्याला सगळे भोंगा म्हणत. एक दिवस बाबा येऊन गेले, दुसऱ्या दिवशी काका. भिंतींना घोंगड्या लावलेल्या त्या खोलीत परक्या पोरापुढे दोघेही भडाभडा बोलले. कात्रीने भराभर प्रश्न कापले, दोघांच्या उत्तरांचे तुकडे उलटसुलट एका ओळीत टाकले, मूळ पुसलं. तुकड्यांवर नावं घालायची राहिली. घालायची कशाला? बापाचा आवाज लेकीला कळणार नाही होय!

मग ती ऐकायला बसली. सगळे तुकडे एकाच माणसाचे वाटत होते. तोच घोगरा आवाज, तेच 'आता बघा' म्हणून थांबणं. सख्खे भाऊ ते! आणि मधेच एक तुकडा असा होता:

"आता बघा, माप माझंच चुकलं होतं. पण त्या दिवशी म्हणायला जीभ रेटली नाही. नंतर रोज वाटायचं, तो येईल. आला असता तर सांगितलं असतं."

कात्रीने तो दहादा ऐकला. आधी वाटलं बाबा, मग काका, मग पुन्हा बाबा. शेवटी तर तिला स्वतःच्या कानांचाच संशय येऊ लागला.

तिने भोंग्याला गाठलं. "हे कोण म्हणालं रे?"

"म्हणालं का कोणी असं?" भोंग्याने डोकं खाजवलं. "अगं, मी पुढचा प्रश्न आठवत होतो."

मॅडमनी हात झटकले. "कबुली आहे ती. कोणाची ते सांगायलाच हवं. आणि चुकीच्या माणसाच्या गळ्यात घातलीस तर तुझी तू निस्तर."

तीच तर भीती होती. ज्याने चूक केलीच नाही त्याच्या नावावर ती गावभर वाजली, तर तो भावाचं तर सोडाच, पुतणीचं किंवा लेकीचंही तोंड पाहणार नव्हता.

आईला ऐकवलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "हे तुझे बाबा." पुढचा तुकडा. "हेही बाबा." त्याच्या पुढचा. "बाबाच की."

"अगं, मग यात काका कुठाय?"

"मला काय विचारतेस? फोनवरसुद्धा कळायचं नाही. दोनदा त्यालाच भाजी आणायला सांगितली होती मी. बिचाऱ्याने आणलीही."

मग कात्री धीर करून बाबांच्या कारखान्यात गेली. काही न सांगता तिने तो तुकडा लावला. बाबा करवत हातात धरून ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"मीच म्हणालो," ते म्हणाले.

"पण बाबा, घरात तर तुम्ही कायम काकालाच..."

"घरातलं घरात. हे माझं आहे, लिहून टाक."

तिला हायसं वाटायला हवं होतं, पण बाबांनी डोळे का पुसले ते कळेना. भुसा गेला असेल म्हणावं, तर करवत थांबलेली. ती तशीच काकाच्या दुकानात गेली. कानावर पेन्सिल, हातात रंधा, बाबांचीच दुसरी प्रत. त्यानेही दोनदा ऐकलं.

"माझंच बोलणं आहे," काका म्हणाला. "त्याला ऐकवलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

आता खोटं बोलण्याइतकं डोकं तिच्यात उरलं नव्हतं. "म्हणाले, ते त्यांचं आहे."

काकाने रंधा आपटला. "त्याचं? चूक माझी आणि मानतोय तो?" आणि तो तसाच चपला न घालता निघाला. कात्री मागून धावली. आपण काय करून बसलो, भांडण मिटवायला निघालो आणि नवं पेटवलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

काका कारखान्याच्या दारात उभा राहिला. "दादा, खोटं कशाला बोलतोस? माप मी घेतलं होतं!"

बाबांनी मान वर केली. "आणि फळ्या कोणी कापल्या? मी! चूक माझी आहे."

"माझी आहे म्हणतो ना!"

"थोरला कोण, तू की मी?"

"चुकीत कसला आलाय थोरला?"

कात्री दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिली. आता समोर तोंडं दिसत होती, तरी कोण खरं बोलतंय ते समजत नव्हतं.

"थांब, आत्ता मोजू," बाबा तणतणत म्हणाले. ते कपाट अजून कोपऱ्यात होतं. कोणाला विकलं नव्हतं, मोडलंही नव्हतं. त्यांनी टेपचं एक टोक काकाकडे भिरकावलं. "धर नीट."

काकाने धरलं. दोघांनी टेप ताणली, आकडा वाचला.

"बरं," बाबा म्हणाले. "आणि त्या दाराचं माप काय होतं?"

काका बराच वेळ आठवत राहिला. "नाही बुवा आठवत. तुला?"

"मलाही नाही."

माप वाचून झालं होतं, तरी दोघांनी आपापलं टोक सोडलं नाही.