कागदावरचा पाय

दुकानाचा नियम एका ओळीचा होता: जी जोडे विकते तिने दुकानातलाच टोकदार जोडा घालून उभं राहायचं. दुकानातल्या सगळ्यांत जुन्या विक्रेतीने, थोरलीने, तो बावीस वर्षं पाळला. तेवढ्या काळात तिच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटांवर जाऊन रेलला आणि त्याच्या मुळाशी हाड असं वर आलं, की जोड्यात कुणी लिंबू लपवलंय असं वाटावं.

हाडांच्या डॉक्टरने तिला कागदावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीवर तिचाच जोडा ठेवला. पायाची रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर.

"जोडा कुणाचा?"

"माझाच."

"आणि पाय?"

थोरलीने जोडा उचलून पुन्हा आकृतीवर ठेवून पाहिला.

"ही गाठ नाही, सांधा सरकलाय. थोडं घराण्यातून येतं, उरलेलं जोडे बघतात. रुंद पंजाचा जोडा घाला, दुखणं उतरेल. हाड मात्र सरळ होणार नाही. चालणंच मुश्कील झालं तर शस्त्रक्रियेचं बोलू."

तिने मालकीणबाईंना विचारलं. बाई काउंटरमागच्या उंच स्टुलावरून म्हणाल्या, "रुंद जोडा घालायचाय? खुशाल घाल. सोमवारपासून माळ्यावर खोकी लाव. तिथे तुझे पाय कोण बघतंय?"

थोरली म्हणजे गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच त्याचं माप ओळखणारी बाई. माळ्यावर खोक्यांशी काय बोलणार?

शनिवारी तिने जमिनीवर खोक्यांचा कागद पसरला. "या ताई, आधी पाय काढू." पहिल्या ताईंच्या पायाची आकृती काढून त्यांनीच हौसेने निवडलेला टोकदार जोडा वर ठेवला. ताई ओरडल्या, "अगं बाई, माझी करंगळी कुठे गेली?" दुकान हसलं. दुपारपर्यंत रांग लागली. रुंद जोडे संपत आले, टोकदार फळीवर बसून राहिले.

"हा काय चित्रकलेचा वर्ग आहे?" मालकीणबाई स्टुलावरून कडाडल्या.

"बाईंचाही काढा की!" रांगेतल्या एका आजीने फर्मावलं. "विकणारीचा पाय बघितल्याशिवाय मी नाही घेत."

सगळ्या माना वळल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही. बाई स्टुलावरून उतरल्या आणि पहिलं पाऊल टाकताच कळवळल्या. जोडा काढला, तर आतून कापसाचे दोन बोळे गडगडत कागदावर आले. थोरलीने पाय पाहिला. तिचं लिंबू, तर बाईंचं महाळुंग!

एवढ्या वर्षांत बाई स्टुलावरून का उतरत नव्हत्या, ते तिला तेव्हा कळलं. आता एक शब्द टाकला की सगळे हिशेब चुकते झाले असते. जीभ वळवळलीही. पण जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक. ती गिऱ्हाइकांकडे पाठ करून मध्ये बसली आणि बोळे पदराखाली सरकवले.

"किती वर्षं?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्याआधीपासून," बाई पुटपुटल्या. मग आणखी हळू, "तो रुंद... काळ्यात आहे?"

"एकच जोड उरलाय. पण तो घालून विकायचं म्हणजे माळ्यावर जावं लागतं म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"स्टुलावरून कुणीतरी ओरडलं होतं, बाई."

बाईंनी दात-ओठ खाल्ले, मग हसू आवरलं नाही. "माळ्यावर धूळ फार आहे. तू इथेच राहा. आणि पाय काढ लवकर, आजी बघतायत."

"काढते. पण दोन्ही पायांवर नीट उभ्या राहा," थोरली पेन्सिल टेकवत म्हणाली. "वजन पडल्याशिवाय खरा पाय कळत नाही."