ट्रेमधले सतरा जण

गणिताच्या बाईंना अख्खी शाळा वचकून असे, पण गेले अकरा दिवस फोन वाजला की बाईच दचकत होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, वर रेडिएशनही. आता त्याच जुन्या व्रणाखाली गाठ हाताला लागली. सोनोग्राफीने हात वर केले, म्हणून सर्जननी एमआरआय करायला सांगितला. कॅन्सर उलटलाय की नुसता व्रण आहे, ते त्यातून कळणार होतं.

एमआरआय होऊन अकरा दिवस झाले, तरी रिपोर्टचा फोन नव्हता. या दिवसांत घराची पार रया गेली. नवरा खाली मान घालून जेवायचा. परगावी शिकणारी लेक परीक्षा सोडून घरी आली आणि न सांगताच आईची कामं उरकू लागली. शेवटी बाई तडक हॉस्पिटलात गेल्या.

खिडकीतल्या कारकुनाने ट्रे चाळला. "आलाय की रिपोर्ट. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी आलाय."

"मग कळवलं का नाही?"

"तुमचे डॉक्टर रजेवर आहेत. त्यांनी पाहिल्याशिवाय द्यायचा नाही, असा नियम आहे. सोमवारी या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात ताप असला तरी त्या चाळीस पोरांचे पेपर तिसऱ्या दिवशी परत देत. "डॉक्टर रजेवर गेले, माझी गाठ नाही गेली," त्या म्हणाल्या. "ड्युटीवर जे कोणी असतील त्यांना बोलवा. तोवर मी हलत नाही."

एक तरुण डॉक्टरीण आली. तिने रिपोर्ट वाचला, स्क्रीनवर चित्रं पाहिली. "काकू, शिरेतून औषध दिलं होतं ना, ते कॅन्सर भराभर ओढून घेतो. तुमच्या गाठीने जरासुद्धा ओढलेलं नाही. हा जुना व्रणच आहे. कॅन्सर नाही."

बाकावर बसून, तोंड झाकून बाई रडल्या.

"बघा, उगाच चिडलात," कारकून म्हणाला. "चांगलंच निघालं ना?"

बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. "ते चांगलं दहा दिवस तुमच्या ट्रेमध्ये पडून होतं. आणि माझ्या पोरीचं वर्ष बुडालं. अजून किती जणांचे रिपोर्ट आहेत त्यात?"

कारकुनाने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग मोजले. "सतरा."

"सगळेच माझ्यासारखे नशीबवान नसतील." बाईंनी खुर्ची ओढून खिडकीला लावली. "डॉक्टर, तुम्ही वाचा. हे फोन लावतील. मी इथेच बसलेय."